इंधन गेलं कुठे, हे विचारायला शिकवा

विमान कंपन्यांच्या प्रशिक्षण आणि उड्डाण संचालन विभागांच्या प्रमुखांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार.

मी 22 वर्षं प्रवासी विमानं उडवली आणि आता 9 वर्षं सिम्युलेटरमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या हुबेहूब नकली कॉकपिटमध्ये, मागच्या खुर्चीवर बसून वैमानिकांना शिकवते. मागून माणसांचे चेहरे दिसत नाहीत, हात दिसतात. हे पत्र लिहायला बसले ते अशाच एका हातामुळे.

सिम्युलेटरमधलं रात्रीचं उड्डाण, खाली समुद्र, दोन इंजिनांचं मोठं विमान. कॅप्टन मुरलेले, सहवैमानिक हुशार. मी त्यांना काहीही न सांगता उजव्या इंजिनापाशी इंधनाची गळती सुरू केली. आधी थोडी, मग हळूहळू वाढत जाणारी. पाऊण तास दोघांच्याही लक्षात आलं नाही. मग पडद्यावर सूचना उमटली की डाव्या आणि उजव्या टाक्यांमधल्या इंधनात फरक पडलाय. ती पुरती वाचून व्हायच्या आत सहवैमानिकाचा डावा हात वर गेला आणि बोट क्रॉसफीडच्या, म्हणजे एका बाजूचं इंधन दुसऱ्या बाजूला जाऊ देणाऱ्या व्हॉल्व्हच्या बटणावर टेकलं. चेकलिस्ट उघडलेली नव्हती. बटणावरची अक्षरं उजळली, व्हॉल्व्ह उघडला, आणि चांगल्या बाजूचं इंधन गळक्या बाजूकडे वाहू लागलं.

कॅप्टन म्हणाले, "ठीक आहे, लक्ष ठेवूया."

त्या दोघांना मी दोष देत नाही. वर्षानुवर्षं आपण त्यांना हेच शिकवत आलो. टाक्यांमध्ये थोडाफार फरक पडणं रोजचं आहे. एक इंजिन दुसऱ्यापेक्षा किंचित जास्त पितं, क्रॉसफीड उघडायचं, फरक मिटवायचा, बंद करायचं. शंभर वेळा केलेलं काम हात आपोआप करतो. गळती मात्र बहुतेकांच्या वाट्याला आयुष्यात एकदाही येत नाही. आणि आली की ती सुरुवातीला अगदी त्याच रोजच्या फरकाचं रूप घेऊन येते. आग लागली तर घंटा वाजते, इंजिन फुटलं तर हादरा बसतो. गळतीला आवाज नसतो. कॉकपिटमध्ये सगळे दिवे शांत, कॉफी अजून गरम, आणि पंखाखाली अंधारात दर मिनिटाला कित्येक किलो इंधन हवेत विरत असतं.

तुमच्यापैकी बहुतेकांना 24 ऑगस्ट 2001 ची रात्र पाठ असेल. तरी पत्र खुलं आहे, म्हणून सगळ्यांसाठी सांगते. एअर ट्रान्सॅटचं फ्लाइट 236 टोरंटोहून लिस्बनला निघालं होतं. एअरबस ए330, आत 293 प्रवासी आणि 13 कर्मचारी, एकूण 306 माणसं. कॅप्टन रॉबर्ट पिशे, सहवैमानिक डर्क डी यागर. नियमाला लागतं त्यापेक्षा कित्येक टन जास्त इंधन घेऊन ते उडाले होते. ॲटलांटिकवर दोन्ही इंजिनं बंद पडली आणि ते अवजड विमान 19 मिनिटं नुसतं तरंगत, जवळपास 65 सागरी मैल कापत, अझोर्स बेटांवरच्या लाजेस तळावर उतरलं. एकही माणूस दगावला नाही. प्रशिक्षणाच्या वर्गात ही गोष्ट निघाली की सगळे त्या 19 मिनिटांविषयी बोलतात. बोलावंच. उंची जास्त होती म्हणून कॅप्टननी विमानाची पूर्ण गिरकी घेतली, मग नागमोडी वळणं घेत उंची कमी केली. वेग कमी करायला मदत करणारे पंखांमागचे फ्लॅप्स नव्हते, इंजिनाची ताकद नव्हती, वाऱ्यावर फिरणारी एक छोटी टर्बाइन जेमतेम वीज आणि हायड्रॉलिक दाब पुरवत होती. 200 नॉटच्या, म्हणजे ताशी 370 किलोमीटरच्या आसपास वेगाने चाकं धावपट्टीवर आदळली, विमान उसळून पुन्हा टेकलं, टायर फुटले, आणि 10,000 फुटांच्या धावपट्टीवर 7,600 फुटांपाशी ते थांबलं. 18 जणांना दुखापत झाली. हे कसब पाहून आजही माझ्या अंगावर काटा येतो.

पण मला तुमचं लक्ष त्याच्या आधीच्या वेळेकडे वेधायचं आहे. पोर्तुगालच्या तपास यंत्रणेने मिनिटामिनिटाचा क्रम लिहून ठेवलाय. वेळा जागतिक प्रमाणवेळेतल्या आहेत. गळती सुरू झाली 04:38 ला. विमान बेटांकडे वळवायचा निर्णय झाला 05:45 ला. मधली 67 मिनिटं आपल्या वर्गांमध्ये कोणी फारशी शिकवत नाही.

त्या 67 मिनिटांत विमान गप्प बसलं नव्हतं. पहिली खूण 05:03 च्या सुमारास आली, आणि ती आली तेलातून. उजव्या इंजिनाच्या तेलाचं तापमान कमी, दाब जास्त, प्रमाण कमी. वैमानिक बुचकळ्यात पडले. तेलाचं असं वागणं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी कंपनीच्या देखभाल केंद्राशी बोलणं केलं, तिथेही उलगडा होईना. आज कारण सांगायला सोपं आहे. इंजिनात तेल थंड करायला इंधनच वापरतात. हीट एक्सचेंजरमध्ये एकीकडून गरम तेल जातं, दुसरीकडून गार इंधन. गळती या एक्सचेंजरच्या पुढे होती, त्यामुळे त्यातून नेहमीपेक्षा कितीतरी जास्त इंधन धावत होतं आणि तेल गारठत होतं. तेलाची ती तक्रार खरं तर इंधनाची होती. अंधारात, ॲटलांटिकच्या मध्यावर, कोणत्याही चेकलिस्टमध्ये नसलेला हा संबंध दोन माणसांना आपसूक सुचावा ही अपेक्षाच चुकीची आहे. वर्गात मात्र तो दहा मिनिटांत समजावून सांगता येतो. तुमच्यापैकी किती जणांच्या अभ्यासक्रमात ही दहा मिनिटं आहेत?

पुढची खूण 05:36 ला आली, टाक्यांमधल्या फरकाची. तीसुद्धा उशिरा, कारण शेपटीतल्या टाकीतलं इंधन पुढे येऊन उजव्या टाकीची तूट काही काळ झाकत होतं. आणि मग तेच झालं जे माझ्या सिम्युलेटरमध्ये झालं. क्रॉसफीड आठवणीने उघडलं गेलं. फरकाच्या चेकलिस्टमध्ये ठळक इशारा होता: गळतीचा संशय असेल तर ही कृती करू नका. पण चेकलिस्ट उघडलीच नव्हती, तर तो इशारा दिसणार कुठून? डाव्या बाजूचं इंधनही उजव्या इंजिनापाशी जाऊन बाहेर पडू लागलं. 06:13 ला उजवं इंजिन बंद पडलं, 06:26 ला डावं.

त्या आधी केबिनमधल्या कर्मचाऱ्यांना खिडकीतून पंखाकडे पाहायला सांगितलं होतं. बॅटरीचा झोत टाकून पाहिलं, काही दिसलं नाही. आकडे इतके वेगाने उतरत होते की ते खरे वाटेनात. संगणकाची चूक असेल, गेज बिघडलं असेल, असंच मन म्हणतं. तपास अहवालात आणखी एक नोंद आहे, ती मला सगळ्यात जास्त टोचते: या वैमानिकांना इंधन गळतीचा प्रसंग प्रशिक्षणात कधी दिलाच गेला नव्हता.

त्या दोघांना पुढे वैमानिकांच्या संघटनेने गौरवलं, कॅनडाच्या नियामकाने कंपनीला अडीच लाख डॉलरचा दंड केला. एअरबसच्या विमानांसाठी क्रॉसफीड उघडण्याआधी गळती नाही ना, हे तपासणं सक्तीचं झालं. कागदावर सुधारणा झाली आणि आपण सगळे सुस्कारा सोडून मोकळे झालो. पण कागद वाचायच्या आधी जो हात वर जातो, त्याचं काय केलं आपण?

आता हिशेबाबद्दल. गळती पकडायचं हत्यार जगातल्या प्रत्येक कॉकपिटमध्ये आहे आणि ते बेरीज-वजाबाकीपलीकडे जात नाही. निघताना टाकीत किती होतं, इंजिनांनी आतापर्यंत किती जाळलं, आणि टाकीत किती उरलं. जाळलेलं अधिक उरलेलं बरोबर निघतानाचं, एवढंच समीकरण. माझ्या त्या सत्रातले आकडे देते. निघताना 52.0 टन. पहिल्या तपासणीला जाळलेलं 24.6, उरलेलं 26.1, बेरीज 50.7. म्हणजे 1.3 टन कुठेच नाही. अर्ध्या तासाने जाळलेलं 27.4, उरलेलं 21.7, बेरीज 49.1. हरवलेलं इंधन 2.9 टन झालं. इंजिनांनी अर्ध्या तासात 2.8 टन जाळलं आणि टाकीतून 4.4 टन गेलं. सहवैमानिकाने हे चारही आकडे लॉगशीटवर सुवाच्य अक्षरात, अगदी योग्य रकान्यांत लिहिले होते. बेरीज केली नव्हती. मी नंतर तो कागद त्याच्यासमोर ठेवला तेव्हा तो काही क्षण बोललाच नाही. मग हळूच म्हणाला, "मॅडम, मी आकडे भरत होतो, वाचत नव्हतो."

यात त्याचा आळस नव्हता. तपासणीला येणारा निरीक्षक रकाने भरलेत का ते पाहतो, म्हणून माणूस रकाने भरतो. मी स्वतः कित्येक वर्षं तसेच भरले. इंधन तपासणी म्हणजे नियोजनात जेवढं उरायला हवं होतं तेवढं उरलंय का, एवढंच आपण पाहतो. थोडं कमी असेल तर वाऱ्याला दोष देतो, किंवा उंची मिळाली नाही म्हणतो. त्या तुलनेतून इंजिनांनी जास्त जाळलं की इंधन बाहेर गेलं हे कळत नाही, कारण दोन्हीत उरलेला आकडा कमीच दिसतो. फरक कळतो तो फक्त बेरजेतून. वाऱ्याने बेरीज बिघडत नाही, गळतीने बिघडते. नव्या विमानांत संगणक ही तुलना स्वतः करतो आणि तफावत दिसली की सूचना देतो, हे मला माहीत आहे. पण ती सूचना आल्यावरही शेवटी माणसालाच ठरवायचं असतं की चूक गेजची आहे की टाकीची.

इथे मला स्वतःचा एक अनुभव सांगायचा आहे. बरेच दिवस मनात ठेवला होता.

काही वर्षांपूर्वी मी समुद्रावर असताना बेरीज 1.1 टनाने चुकली. आधीच्या तपासणीला फरक 300 किलोचा होता. म्हणजे वाढत होता. आम्ही दोघांनी पुन्हा बेरीज केली, टाकीगणिक आकडे पाहिले, क्रॉसफीडला हात लावला नाही, आणि मी विमान जवळच्या विमानतळाकडे वळवलं. उतरलो. अभियंत्यांनी दिवे लावून पंख तपासला. कोरडा ठणठणीत. टाकीतल्या एका मापक प्रोबमध्ये दोष निघाला. प्रवाशांचे पुढचे प्रवास हुकले, कंपनीला रात्रभर त्यांची सोय करावी लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. आवाजात राग नव्हता, पण पहिला प्रश्न होता, "तुम्हाला खात्री होती का?" मग लेखी खुलासा मागवला. मी तीन पानं लिहिली. कारवाई काही झाली नाही. फाईल बंद झाली, असं मला तोंडी सांगण्यात आलं.

पुढच्या वर्षी एका रात्री पुन्हा 400 किलोचा फरक दिसला. आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो त्या तीन पानांचा. इंधनाचा नंतर. पुढच्या तपासणीपर्यंत थांबूया, असं मी सहवैमानिकाला म्हणाले. फरक मिटला, आम्ही वेळेवर पोचलो. पण मी अर्धा तास थांबले त्याचं कारण तांत्रिक नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. माझ्या मागे पावणेतीनशे माणसं झोपली होती.

म्हणून तुम्हाला कळकळीने सांगते, की "खात्री होती का" हा प्रश्न गळतीच्या बाबतीत विचारूच नका. खात्री होईपर्यंत थांबलं तर टाकी रिकामी झालेली असते. विचारायचंच असेल तर "बेरीज केली होती का, दोघांनी मिळून केली होती का" हे विचारा. उत्तर हो असेल, तर विमान वळवणाऱ्या कॅप्टनला त्याच फोनवर शाबासकी द्या, पंख कोरडा निघाला तरी. आणि ती शाबासकी बाकीच्यांच्या कानावर जाईल अशी द्या. एका माणसाकडून मागवलेला खुलासा शंभर वैमानिकांना समजतो, तशी शाबासकीही समजेल.

केबिन क्रूबद्दल थोडं. गळती कधीकधी कॉकपिटच्या आधी केबिनमध्ये कळते. कुणी प्रवासी म्हणतो, पंखाच्या मागून धूर निघतोय. कुणाला रॉकेलसारखा वास येतो. 4 नोव्हेंबर 2010 ला सिंगापूरहून निघालेल्या क्वांटसच्या फ्लाइट 32 चं, म्हणजे ए380 विमानाचं एक इंजिन फुटलं तेव्हा कॉकपिटमध्ये पाच वैमानिक होते आणि पडद्यावर सूचनांचा पूर लोटला होता. तरी प्रत्यक्ष अवस्था पाहायला एक वैमानिक उठून केबिनमध्ये गेला. तिथे प्रवासी म्हणून बसलेल्या त्याच कंपनीच्या एका वैमानिकाने त्याला शेपटीवरच्या कॅमेऱ्याचं चित्र दाखवलं. डाव्या पंखातून काहीतरी वाहत असल्यासारखं त्यात दिसत होतं. एवढ्या आधुनिक विमानातही डोळ्यांनी पाहिलेलं कामाला आलं. तुमच्या केबिन क्रूला पंखाच्या टोकावरची पांढरी वाफ आणि इंजिनामागून निघणारी इंधनाची फवारणी यातला फरक छायाचित्रांत तरी दाखवा. आणि वैमानिकांना हेही शिकवा की रात्री बॅटरी मारून काही दिसलं नाही, याचा अर्थ गळती नाही असा होत नाही. लाजेसच्या विमानाने तो धडा दिलेला आहे.

विमान उतरलं म्हणजे गळतीचा प्रश्न संपला, असंही आपण गृहीत धरतो. 20 ऑगस्ट 2007 ला जपानच्या नाहा विमानतळावर चायना एअरलाइन्सचं बोइंग 737 व्यवस्थित उतरून जागेवर येऊन थांबलं आणि मग पेटलं. पंखाच्या पुढच्या कडेला असलेल्या सरकत्या पट्टीच्या, म्हणजे स्लॅटच्या जोडणीतला एक वॉशर देखभालीत बसवायचा राहिला होता. सुटलेल्या बोल्टने स्लॅट मिटताना टाकीला भोक पाडलं. 165 च्या 165 माणसं बाहेर पडली, विमान जळून गेलं. दुसरीकडे 27 जून 2016 ला सिंगापूर एअरलाइन्सचं मिलानला निघालेलं बोइंग 777 इंजिनाच्या तेलाच्या इशाऱ्यामुळे वाटेतून परतलं, पुन्हा तेलच पाहा. उजव्या इंजिनाच्या हीट एक्सचेंजरमधून इंधन गळत होतं. चांगीला उतरताच उजव्या बाजूला आग लागली. प्रवाशांना घसरगुंड्यांवरून उतरवलं नाही, आग विझल्यावर सगळे 241 जण शिडीने उतरले. क्वांटसच्या विमानात तर उतरल्यावर ब्रेक भयंकर तापलेले, शेजारी डाव्या पंखातून इंधन गळतंय आणि एक इंजिन काही केल्या बंद होईना. कॅप्टन रिचर्ड डी क्रेस्पिनी यांनी 440 प्रवाशांना आतच बसवून ठेवलं, खाली अग्निशमन दल फेस मारत होतं, आणि मग एकाच बाजूने शिडी लावून उतरवलं. कुणालाही इजा झाली नाही.

एकीकडे ताबडतोब बाहेर पडणं बरोबर ठरलं, दुसरीकडे आत थांबणं. यातून एकच नियम काढून पुस्तकात छापू नका. हा निर्णय वैमानिक, केबिन क्रू आणि खालचं अग्निशमन दल यांच्यातल्या बोलण्यावर उभा असतो, आणि ते बोलणं आपण सरावात घेतच नाही. आपलं सिम्युलेटर सत्र चाकं टेकली की संपतं. दिवे लागतात, सगळे चहाला जातात. एखाद्या सत्रात विमान थांबल्यावर दहा मिनिटं दिवे लावू नका. रेडिओवर अग्निशमन दलाचा आवाज काढायला मी बसते. "तुमच्या डाव्या चाकांपाशी इंधन साचतंय, ब्रेक तापलेले दिसतात" असं कानावर आल्यावर कॅप्टन काय करतो, केबिनमधून कोण कोणाला काय विचारतं, ते एकदा बघा.

देखभालीविषयी मी अधिकाराने बोलू शकत नाही, ते माझं क्षेत्र नाही. पण फ्लाइट 236 चं मूळ तिथेच होतं. काही दिवस आधी उजवं इंजिन बदललं होतं. बसवलेल्या इंजिनाची रचना आणि त्यावर चढवलेला हायड्रॉलिक पंप वेगवेगळ्या पिढीचे होते. दोन नळ्यांमध्ये हवी तेवढी जागा उरली नाही, त्या एकमेकींना घासत राहिल्या आणि इंधनाची नळी फाटली. मला वैमानिक म्हणून एवढंच वाटतं, की इंजिन किंवा इंधनप्रणालीचं मोठं काम झाल्यावरच्या पहिल्या काही उड्डाणांना ते वैमानिकांच्या ब्रीफिंगमध्ये ठळकपणे सांगितलं जावं. नोंदवहीत ते असतंच, पण मागच्या पानांवर. "उजवं इंजिन नवीन बसवलंय" हे वाक्य कानावर पडलेलं असेल, तर उजव्या टाकीच्या आकड्याकडे नजर थोडी जास्त वेळा जाईल. खर्च काहीच नाही.

माझं मागणं मोठं नाही. पुढच्या सहामाही सरावात प्रत्येक वैमानिकाला एक हळू गळती द्या, आधी न सांगता, आणि तिला वेळ द्या. घाई करून पाच मिनिटांत टाकी रिकामी केली तर ती गळती राहत नाही, नुसती आणीबाणी होते, आणि आणीबाणी हाताळायला आपली माणसं आधीच तरबेज आहेत. काही सत्रांत गळती द्या, काहींत फक्त गेजचा बिघाड, काहींत साधा रोजचा फरक. कोणतं काय आहे ते त्यांना बेरजेतून शोधू दे. टाक्यांमधल्या फरकाची कृती आठवणीने करायची नाही, हे एकदा स्पष्ट शब्दांत कळवा. त्या कृतीत घाई करण्याइतकं काहीच नसतं. गळती इंजिनापाशी आहे असं ठरलं तर ते चालू इंजिन बंद करायचं धैर्य लागतं. समुद्रावर दोनपैकी एक इंजिन स्वतःच्या हाताने बंद करणं मनाला पटत नाही, पण ते केलं तर उरलेल्या इंजिनासाठी इंधन उरतं. तोही सराव हवा. वर्गात ऐकलेलं त्या क्षणी हाताला आठवत नाही.

सिम्युलेटरचा तास महाग असतो, वेळापत्रक भरलेलं असतं, हे मला तुमच्याइतकंच ठाऊक आहे. टेक-ऑफच्या वेळचा इंजिन बिघाड आपण दर सहा महिन्यांनी करून घेतो आणि तो करायलाच हवा. त्यातली वीस मिनिटं काढा. माझ्या वाटणीची सत्रं मी वाढीव वेळेत घ्यायला तयार आहे, त्याचं मानधन नको.

त्या सहवैमानिकाला मी दोन दिवसांनी पुन्हा बोलावलं. या वेळी गळती दिली नाही, साधा फरक दिला, रोजचा. सूचना आली. त्याचा हात अर्ध्यापर्यंत वर गेला आणि थांबला. तो हात खाली आणून त्याने लॉगशीट ओढली, कॅप्टनना म्हणाला, "सर, एकदा बेरीज करूया का?" दोघांनी केली. जुळली. मग चेकलिस्ट उघडली, वरपासून वाचली, आणि क्रॉसफीड उघडलं. मी घड्याळ लावलं होतं. सगळं मिळून 40 सेकंद लागली.

पुढच्या सराव-फेरीत ही सत्रं कधी घेता येतील, तेवढी तारीख कळवा.

आपली,
एक निवृत्त कॅप्टन, सध्या सिम्युलेटर प्रशिक्षक